उसाच्या फडातला संशयित

थ्रिलर करायचा म्हणजे अंधार पाहिजे, एवढंच तेव्हा आम्हाला माहीत होतं. २०१७ चा डिसेंबर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत नातेपुत्याला आलेले आम्ही पाच जण. फेब्रुवारीत कॉलेजच्या फेस्टिव्हलला पंधरा मिनिटांच्या आतली शॉर्टफिल्म द्यायची होती. बाकीचे ग्रुप हॉस्टेलच्या गच्चीवर शूटिंग करणार होते. आमच्याकडे ऊस होता.

नातेपुते तुम्हाला माहीत असेल तर बहुतेक वारीमुळे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करत सोलापूर जिल्ह्यात शिरते, तेव्हा पहिला मुक्काम आमच्याकडे असतो. ती एक रात्र गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी गावाबाहेर पडलं की रात्री फक्त तुटायला आलेला ऊस, पाचटाची सळसळ आणि लांब कुठेतरी मोटरचा आवाज. त्याच वर्षी उसाच्या फडात घडणारा 'लपाछपी' येऊन गेला होता. आम्ही म्हटलं, हे सगळं तर आपल्याकडे फुकट आहे.

कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या दादाचा, आवाज मोबाइलवर, लाइट म्हणजे मोटरसायकलचा हेडलाइट आणि थर्माकोल. गोष्ट अशी : गावातल्या एका सावकाराचा खून होतो. गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्या एका माणसावर सगळ्यांचा संशय जातो. शेवटी कळतं, खून सावकाराच्या सख्ख्या पुतण्यानं केलाय.

पालातल्या माणसाचं काम आमच्या दहावीपर्यंतच्या वर्गमित्राला दिलं. तो भटक्या समाजातला. त्याचं कुटुंब आता गावात घर बांधून राहतं. 'तूच कर, तुला शोभेल' असं आम्ही त्याला म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्याबद्दल विचारच केला नव्हता, हे जास्त खरं.

तिसऱ्या रात्री शॉट चालू असताना बांधावरून एक बॅटरी आमच्या दिशेनं आली. शेतीची वीज रात्रीची होती, त्यामुळे शेजारचे एक आप्पा दारं धरायला आले होते. मोटरची केबल चोरायला कुणीतरी शिरलंय असं त्यांना वाटलं.

"कोण हाय रं तिकडं?"

आम्ही एकेकानं आडनावं सांगितली. "आरं, तू त्यांचा व्हय," असं म्हणत आप्पा हसायला लागले. मग बॅटरी घोंगडं पांघरून, हातात कोयता घेऊन उभ्या असलेल्या मित्रावर थांबली.

"आन् हा कुणाचा?"

त्यानं सांगितलं. आप्पा हसले नाहीत. बॅटरी मात्र जरा जास्त वेळ त्याच्या तोंडावर राहिली. मग "लवकर आवरा" म्हणून ते पाण्याकडे गेले. आम्हाला त्या क्षणी एकच गोष्ट जाणवली : बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा भारी दिसतो. पुढच्या शॉटला हेडलाइट बंद करून आम्ही बॅटरीच वापरली.

एडिटिंग झाल्यावर त्याला लॅपटॉपवर फिल्म दाखवली. त्यानं ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "खरा खुनी सापडल्यावर ह्याचं काय होतं?"

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे त्या पालातल्याचं. लोकांनी पाल जाळलं त्याचं. नंतर त्याला कोण भेटायला जातं का?"

आम्ही हसलो. म्हणालो, अरे, तो फक्त हूल आहे.

---

थ्रिलरचे नियम शिकायचे तर हिचकॉकपासून सुरुवात करावी, असं यूट्यूबवर सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या त्याच्या मुलाखतींमध्ये टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब कुणी ठेवला आणि कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर त्याच रटाळ गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणजे थ्रिलर अंधारावर चालत नाही. कुणाला काय माहीत आहे आणि कधी कळतं, यावर चालतो.

दुसरा नियम हुलीचा. इंग्रजीत त्याला 'रेड हेरिंग' म्हणतात. प्रेक्षकाची नजर चुकीच्या माणसावर ठेवायची, म्हणजे खरा गुन्हेगार समोर असून दिसत नाही. आता गंमत पाहा. पंधरा मिनिटांत एखादा माणूस संशयास्पद आहे हे पटवून द्यायला वेळ नसतो. मग दिग्दर्शक काय करतो? प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असलेला संशय उसना घेतो. आमच्या फिल्ममधल्या पालातल्या माणसाला एकही संवाद नव्हता. त्यानं काही केलेलंही दाखवलं नव्हतं. पाल, घोंगडं, कोयता आणि तो चेहरा, एवढ्यावर भागलं. बाकीचं काम प्रेक्षकांनी केलं.

हा उसना संशय आला कुठून, हे शोधायला गेलो तर तो आपल्याच भागात येऊन थांबतो.

१८३९ साली लंडनमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली आणि तुफान खपली. लेखक फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या नोकरीतला हा इंग्रज अधिकारी पुढे नळदुर्गला कारभार पाहत होता. नळदुर्ग सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' ही कादंबरीही त्याचीच. 'कन्फेशन्स'मध्ये अमीर अली नावाचा ठग आपले खून स्वतःच्या तोंडानं सांगतो. वाटसरूंशी गोड बोलून मैत्री करायची, सोबत प्रवास करायचा आणि योग्य वेळी रुमालानं गळा आवळायचा. टेबलाखालचा बॉम्बच तो. वाचकाला माहीत असतं, वाटसरूला नसतं. 'ठग' हा आपला शब्द इंग्रजीत कायमचा रुजला, त्यात या कादंबरीचा वाटा आहे.

ठगी किती खरी आणि किती कंपनी सरकारच्या भीतीतून रचलेली, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण परिणामांबद्दल वाद नाही. काही माणसं गुन्हा करतात, या वाक्यापासून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार असतात, या वाक्यापर्यंत सरकार पोचलं. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. सुरुवातीला उत्तर भारतात असलेला हा कायदा १९११ च्या नव्या कायद्यानं देशभर लागू करता येऊ लागला. एखाद्या जमातीचं नाव यादीत आलं की तिच्या माणसांनी नोंदणी करायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. पुरावा लागत नव्हता. आडनाव पुरे होतं.

सोलापूर शहरात अशी मोठी सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणाआडची वस्ती. तिथल्या लोकांची हजेरी घेतली जाई आणि शहरातल्या कापड गिरण्यांना त्यांच्यातून कामगार मिळत. देश स्वतंत्र झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून तो दिवस भटके-विमुक्त 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. आमच्या मित्राच्या आजोबांचं लहानपण त्याच सेटलमेंटमध्ये गेलं होतं. हे मला फिल्म करून झाल्यावर चार वर्षांनी कळलं. दहा वर्षं एका वर्गात होतो, कधी विचारलं नव्हतं.

---

हा प्रकारच वाईट, असं मला म्हणायचं नाही. उलट, या प्रकारात चांगलं काम करणाऱ्यांनी याच संशयाशी वेगळा खेळ केलाय.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ ची, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याच्या तीन वर्षं आधीची. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत लुटलेला एक हिरा इंग्लंडमधल्या एका घरातून चोरीला जातो. आसपास तीन हिंदुस्थानी ब्राह्मण वेश बदलून फिरताहेत. संशय अर्थातच त्यांच्यावर जातो आणि त्यांना पकडलंही जातं. दीडशे वर्षं होऊन गेलीत, तेव्हा शेवट सांगायला हरकत नाही : हिरा लांबवलेला असतो घरातल्याच नात्यातल्या, दानधर्मासाठी प्रसिद्ध असलेल्या सभ्य गृहस्थानं. हिऱ्यावर त्या तिघांचा डोळा असतो हे खरं, पण त्या रात्रीच्या चोरीत त्यांचा हात नसतो. वाचकाच्या मनातला संशय कॉलिन्सनं उसना घेतला आणि शेवटी वाचकालाच परत केला.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांतल्या काही होत्या, कव्हरं फाटलेल्या. त्यांचा काळा पहाड हा कायद्याच्या चौकटीबाहेरचा माणूस, पण दुबळ्यांच्या बाजूचा. पोलिस ज्याच्या मागावर आहेत, वाचक त्याच्याच बाजूनं आहे, अशी उलटी मांडणी. मग १९६४ चा राजा परांजपे यांचा 'पाठलाग'. त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत 'मेरा साया' आला. एका वकिलाची पत्नी वारलीय आणि दरोडेखोर म्हणून पकडलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते. ती म्हणते, मीच तुमची बायको. ती कोण, हे वकिलाला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट फार उशिरा दिसली. ज्या बाईवर संशय आहे तिला कोर्टात उभं करून बोलू दिलंय. सगळा सिनेमा तिच्या बोलण्यावर उभा आहे.

आणि मग आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'पिस्तुल्या' ही त्यांची शॉर्टफिल्म नगरला शिकत असताना केलेली, म्हणजे आमच्यासारखीच विद्यार्थ्याची फिल्म. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात भटक्या समाजातलं, शाळेची ओढ असलेलं एक पोर आहे. आम्ही ज्याला हूल म्हणून फडात उभं केलं, त्याला मंजुळेंनी गोष्टीच्या मधोमध ठेवलं होतं. तेही आमच्या आधी सात वर्षं, आणि हाताशी फार काही नसतानाच. साधनं नव्हती, ही सबब तिथेच संपते.

पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे 'सैराट'मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स झाला. 'सैराट'ला कुणी थ्रिलर म्हणत नाही, पण त्याची शेवटची काही मिनिटं थ्रिलरच्या वर्गात शिकवावीत अशी आहेत. संसार मार्गी लागलाय. माहेरची माणसं भेटी घेऊन दारात येतात. चहा होतो. काहीच घडत नाही आणि आपला श्वास अडकलेला असतो, कारण टेबलाखाली काय आहे ते आपल्याला तीन तासांपासून माहीत आहे. त्या चहाच्या वेळी घरात कुणी परका नाही. धोका आला तो माहेरच्या पिशव्या घेऊन.

आमच्या फिल्ममध्येही खुनी घरचाच होता. कागदावर आमचा शेवट बरोबर होता. चूक शेवटात नव्हतीच. चौदा मिनिटांपैकी साडेअकरा मिनिटं आम्ही प्रेक्षकांना 'तुमचा संशय बरोबर आहे' असं सांगत होतो आणि शेवटच्या अडीच मिनिटांत पुतण्याकडे वळलो. ज्याचं पाल जळलं त्याच्याकडे कॅमेरा पुन्हा गेलाच नाही.

---

फेस्टिव्हलला फिल्म चालली. बॅटरीच्या उजेडातला तो चेहरा पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये बरोबर हवी तशी कुजबुज झाली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मित्र आला नव्हता. त्या दिवशी त्याचं काम होतं, असं तो म्हणाला.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही काळ ऑनलाइन व्यवहारांतली फसवणूक पकडणाऱ्या एका सिस्टीमवर काम करत होतो. तिथे रोजचा शब्द म्हणजे 'फॉल्स पॉझिटिव्ह' : काही केलेलं नसताना सिस्टीमनं ज्याच्यावर बोट ठेवलं तो. आम्ही अशा चुका मोजायचो. त्या का झाल्या ते शोधायचो, कारण दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी पगार अडकलेला असायचा. एका मीटिंगमध्ये तो आकडा पाहताना मला अचानक लॅपटॉपसमोर बसलेला मित्र आठवला. 'ह्याचं काय होतं?' हाच प्रश्न त्यानं विचारला होता. आम्ही त्याला हसलो होतो.

गेल्या दिवाळीत जुनी हार्ड डिस्क काढून सगळं फुटेज पाहिलं. बॅटरीच्या शॉटनंतर कॅमेरा चालूच राहिला होता. त्यात मित्र घोंगडं काढतो, कोयता खाली ठेवतो आणि थंडीनं हात चोळत विचारतो, "झालं का रं? घरी आई जागी असंल." अख्ख्या फुटेजमध्ये त्याचं बोलणं तेवढंच.

ते सहा सेकंद मी फिल्मच्या शेवटाला जोडले. खुनी सापडतो, आणि मग हे. मग श्रेयनामावली पाहिली. आम्हा चौघांची नावं दोन-दोनदा होती. त्याच्या जागी नुसतं लिहिलं होतं : 'संशयित'.

नवी फाइल त्याला पाठवली. हा लेख लिहितोय हेही कळवलं आणि नाव वापरू का विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : "लेखात नको. पिक्चरमध्ये टाक."