विळ्याच्या आकाराची पेशी आणि केसाहून बारीक वाट

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचं प्रथिनांशी काय देणंघेणं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. माझा प्रश्न मात्र जुनाच आहे: एखाद्या गोष्टीचं कारण नेमकं कुठे असतं? सिकलसेल या आजाराच्या इतिहासात या प्रश्नाला एकामागून एक तीन उत्तरं मिळाली. तिसरं उत्तर आलं ते पारदर्शक रबराच्या एका तुकड्यातून.

सुरुवात शिकागोची. 1910 मध्ये जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्ताचं वर्णन छापलं. त्याच्या तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकते, परत दिला की पुष्कळदा सरळ होते. ही ये-जा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग 1949 साल. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन पळवून पाहिलं. रुग्णाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसापेक्षा वेगळ्या गतीनं सरकत होतं. पॉलिंग यांनी या आजाराला रेणूचा आजार म्हटलं. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी दोष नेमका दाखवला: बीटा साखळीच्या 146 दुव्यांपैकी सहावा बदललेला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. म्हणजे पहिलं उत्तर मिळालं, कारण रेणूत आहे.

आपल्याकडे याच सुमारास, 1952 मध्ये, लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला. 1958 मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारताविषयी लिहिलं. तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार अशीच सर्वसाधारण समजूत होती. आज विदर्भातले आदिवासी आणि अनुसूचित जाती, नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा यांना तो नवा नाही. आपल्या ठाणे-पालघरच्या पट्ट्यातही तो आहे.

आता हा बदललेला रेणू करतो काय? तुम्हा भिवंडीकरांना हे सांगणं सोपं आहे. प्राणवायू सुटला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून सूत कातायला लागतात. एक-दोन धागे नव्हेत, चौदा धाग्यांचा पीळ. असे पीळ पेशीत वाढले की पेशी आतून ताठ होते आणि वाकते. प्रथिनं एकत्र जमून धागे होण्याचा हा प्रकार अल्झायमरमध्येही आहे, पार्किन्सनमध्येही आहे. पण तिथे जमलेला गुंता सहसा सुटत नाही. सिकलसेलमध्ये प्राणवायू मिळाला की तो विरघळतो. म्हणून मला हा आजार अभ्यासकाला जास्त शिकवणारा वाटतो.

दुसरं उत्तर 1974 चं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर. अमेरिकेत हॉफरिक्टर, रॉस आणि ईटन यांना दिसलं की प्राणवायू गेल्याबरोबर धागे होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. हा जो मधला उशीर आहे, तो हिमोग्लोबिनच्या घनतेवर विलक्षण अवलंबून असतो, जवळजवळ तिसाव्या घातानं. हिशेब करून पाहा: द्रावण दहा टक्के पातळ केलं तर उशीर वीसपटीहून जास्त वाढतो. पुढे 1987 मध्ये याच गटानं दाखवलं की शरीरात बहुतेक पेशी वाचतात त्या या उशिरामुळेच. धागे कातले जाण्याआधीच त्या बारीक केशवाहिनीतून निसटून फुफ्फुसाकडे परतलेल्या असतात. म्हणजे रेणू तोच, पण दुखणं होणार की नाही हे वेळ ठरवते.

आणि तिसरं उत्तर: वाट. वेळ अपुरी पडते ती कुठेतरी, कुठल्यातरी अरुंद जागी. पण जिवंत माणसाच्या केशवाहिनीत डोकावून प्रयोग कसा करणार? 1990 नंतर केसाहून बारीक नळ्या सिलिकॉनच्या रबरात साच्यातून उतरवण्याचं तंत्र आलं. जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेनं ते स्वस्त आणि सोपं केलं. या रबरातून वायू आरपार जातो, हा त्याचा मोठा गुण. 2007 मध्ये जॉन हिगिन्स, डेव्हिड एडिंग्टन, संगीता भाटिया आणि एल. महादेवन यांनी अशा फाटे फुटत जाणाऱ्या नळ्यांत रुग्णांचं रक्त सोडलं. शेजारच्या कप्प्यातून प्राणवायू कमी केला, तसं रक्त मंदावलं आणि थांबलं. प्राणवायू परत दिला, पुन्हा वाहू लागलं. नळीची रुंदी, दाब, प्राणवायू, पेशींची दाटी, यांतलं काहीही बदललं की अडण्याची वेळ बदलत होती. आणि भिंत साधी रबराची! रक्तवाहिनीच्या पेशी तिथे नव्हत्याच. त्यांचाही वाटा शरीरात असतो, पण त्यांच्याशिवायही वाट बुजू शकते, हे दिसलं.

पॉलिंग चुकले का? नाही. पण 'रेणूचा आजार' हे शब्द ऐकले की आपण जनुक शोधतो, कार्ड देतो आणि काम झालं असं मानतो. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. तपासणी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. 'निर्मूलन' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे, कारण आज जगणाऱ्या रुग्णाचं मूळ सहसा उपटता येत नाही. त्याचा उशीर मात्र वाढवता येतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच करतं. ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, ते धाग्यात सामील होत नाही, आणि कातायला माल कमी पडतो. 1998 पासून अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता आहे आणि आपल्याकडेही ते मिळतं.

आणि पाणी. आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं हंगामभर राबतात. त्यांच्यातल्या एखाद्याला हा आजार असेल तर उन्हात घाम गेला की पेशीतलं पाणीही आटतं. हिमोग्लोबिन तीन टक्क्यांनी जरी दाट झालं, तरी त्या तिसाव्या घाताच्या हिशेबानं उशीर निम्म्याहून खाली येतो. डॉक्टर या रुग्णांना भरपूर पाणी प्यायला आणि अतिश्रम टाळायला सांगतात, ते यासाठी. भट्टीवर पाण्याचा पिंप कुठे ठेवलाय आणि दुपारी काम थांबतं का, हे त्याच्या कार्डावर कुठेच लिहिलेलं नसतं.