तगरचे कापड कोणी कातले?

भगिनींनो, तेर म्हटले की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तेर ‘तगर’ या नावाने दूरदेशी ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात लिहिले आहे की, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तेथून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून आडवाटेने भडोच बंदरी जाते.

ते सूत कातले कोणी? ग्रंथ गप्प आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र तगरचे नव्हे, पण त्यात उत्तर सापडते. विधवा, अपंग बाया, मुली यांच्याकडून सूत कातून घ्यावे. घराबाहेर न पडणारीला दासीकरवी काम पोचवावे. मजुरी देताना तिच्या तोंडाकडे पाहील त्याला दंड! वाचून मला बरे वाटले. मात्र मजुरी ठरवणारा सरकारी अधिकारीच. कातणारीला कोण विचारतो?

आजही खुरपे आपल्या हाती, आणि परदेशी तेलावर जकात किती, हे दिल्लीत ठरते. त्यावर आपल्या सोयाबीनचा भाव हलतो.

डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनॉस आयरीसला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली. व्यापारात स्त्रियांचा वाटा वाढावा, या जाहीरनाम्याला ११८ देशांनी संमती दिली. भारताने दिली नाही. हा व्यापाराचा विषय नव्हे, असे आपले म्हणणे. या निमित्ताने श्रीमंत देश आपला माल अडवतील, ही धास्तीही होती. धास्ती अगदीच खोटी म्हणवत नाही. पण विषय आपला नाही, हे मी सातवी शिकलेली बाईसुद्धा मानणार नाही.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशीच एक इटलीत पाँपेईला निघाली. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल तेव्हा तिथले संग्रहालयही पाहून या.