सुभेदाराचा मुलगा आणि संस्थानांची शिष्यवृत्ती

सातारच्या सरकारी शाळेचे, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलचे, प्रवेशाचे रजिस्टर टिकून आहे. त्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी क्रमांक १९१४ समोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. वर्ग इंग्रजी पहिली. या मुलाचे, म्हणजे पुढच्या डॉ. भीमराव आंबेडकरांचे, वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. लष्करी शिक्षणखात्यात त्यांनी बरीच वर्षे हेडमास्तरकी केली होती. सरकारची अशी चाकरी केलेल्या माणसाच्या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी त्या चाकरीचा काय उपयोग झाला, हे पाहायचे तर चार-पाच कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

पहिला कागद आंबेडकरांनी स्वतः लिहिलेला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या टिपणात १९०१ सालची हकीकत येते. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. सुटीत वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलेले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळल्यावर गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. अनेक लेखांत या गावाचे नाव कोरेगाव असे छापले जाते. मला ते पटत नाही: मूळ मजकुरात खटाव तालुका स्पष्ट लिहिलेला आहे आणि कोरेगाव हा वेगळा तालुका आहे. टिपण घटनेनंतर तीसेक वर्षांनी लिहिलेले असले, तरी स्टेशन, तालुका आणि भाड्याची अट इतक्या नेमकेपणाने येतात की निव्वळ आठवणीचा खेळ म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

निवृत्त सुभेदाराच्या मुलांची ही अवस्था समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. पलटणीच्या शाळेत शिपायांच्या मुलांना शिकणे सक्तीचे होते. रामजींच्या घरात अक्षर आले ते छावणीतून. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा पगार आणि पेन्शन यांच्याबरोबर शाळेचे ते दारही बंद झाले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर शिपाई. त्यांच्या १८९४ च्या सुमाराच्या अर्जात आणि महार पुढारी शिवराम जानबा कांबळे यांच्या १९१० च्या विलायत सरकारकडील अर्जात पूर्वीच्या शौर्याचा आणि निष्ठेचा दाखला आहे. दोघांचाही मुख्य रोख नोकरीवर, पुन्हा भरती करून घेण्यावर आहे. साहजिकच होते ते: भरती झाली की शाळा आपोआप येणार होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट स्थापन होईपर्यंत ही धरसोड चालू राहिली.

छावणीची शाळा गेल्यावर आधार उरला संस्थानांचा. मॅट्रिकनंतर शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला: कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी. हा व्यवहार अस्पृश्य समाजातला हुशार विद्यार्थी आणि शिक्षणाचा आग्रह धरणारा राजा यांच्यातला होता. वडिलांच्या सुभेदारीला त्यात किंमत नव्हती. पुढे १९१७ साली महाराजांनी या तरुणाला मिलिटरी सेक्रेटरी नेमले. बडोद्यात राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली.

आता दुसरे संस्थान, औंध. खटाव तालुक्याच्या मधोमध हे संस्थान, आणि त्याचे तुकडे आटपाडी, कुंडल, पार विजापूरकडच्या गुणदाळपर्यंत विखुरलेले. १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. मसूरच्या त्या प्रवासानंतर दशकभराने दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक मुलगा, गरिबाला तिथे शिकता येते असे ऐकून, औंधला आला. तो म्हणजे साने गुरुजी. पुढे प्लेगमुळे त्यांना औंध सोडावे लागले. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर आधी दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले. रामजींचे कुटुंब आणि पालगडचा हा मुलगा, दोघेही घाट चढून एकाच मुलखात आले. एकाच्या हाती सरकारची पेन्शन होती, दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हते. औंधच्या दारात पेन्शनीची पावती कोणी मागत नव्हते. पुढच्या पिढीत आटपाडीच्या तराळाचे पोर, शंकरराव खरात, औंधच्या शाळेत शिकले, वकील झाले आणि नंतर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात ही वाट त्यांनीच लिहून ठेवली आहे.

मात्र राजाच्या मनावर चालणारी मदत राजा असेपर्यंतच. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर तोडगा दिल्लीत निघाला होता. आंबेडकर १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या पाठपुराव्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे सयाजीरावांनी एकाला जे दिले, ते नियमाने अनेकांना.

सैनिकांच्या बाबतीत असा नियम उशिरा आला. अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकालाच कॉलेजची फी आणि निर्वाहभत्ता दिला. आपल्याकडची पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६-०७ पासूनची. ती माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मिळते. २०१९ पासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. अर्जासोबत वडिलांच्या सेवेचा दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणावा लागतो. १९१३ च्या करारात ज्या सेवेला जागा नव्हती, तिच्याशिवाय आज अर्ज पुढे सरकत नाही. ही सुधारणा खरी आहे. पण पस्तीस-अडतिसाव्या वर्षी निवृत्त होऊन सातारा-सांगलीकडे परतलेल्या जवानाने स्वतःच कॉलेजात नाव घातले, तर ही शिष्यवृत्ती त्याला लागू होत नाही.