नाही म्हणणारा माणूस

मार्च १९४१ मध्ये ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने 'द बॅटल ऑफ ब्रिटन' नावाची एक छोटी पुस्तिका काढली. आदल्या वर्षी जर्मन वायुदलाला ब्रिटनच्या आकाशातून कसं परतवलं, त्याची ही सरकारी हकीकत. लोकांच्या उड्या पडल्या, पुस्तिका लाखांनी खपली. फक्त एक गोष्ट तिच्यात नव्हती. ती लढाई ज्याच्या हुकमतीखाली लढली गेली त्या सेनापतीचं नाव! चर्चिलसुद्धा हे बघून वैतागला आणि त्याने हवाईमंत्र्याला तसं सुनावलं. पण तोवर त्या सेनापतीला पदावरून जाऊन जवळजवळ चार महिने झाले होते.

त्याचं नाव एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग. दुसऱ्या महायुद्धाबद्दल आपल्याकडे आवडीने वाचलं जातं. रोमेल, माँटगोमेरी, पॅटन ही नावं शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. डाउडिंगचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला तो या सगळ्यांपेक्षा जास्त आवडतो, आणि त्याचं कारण थोडं विचित्र आहे. या माणसाच्या हातून झालेली सगळ्यात मोठी कामं म्हणजे त्याने दिलेले नकार!

डाउडिंगचा जन्म १८८२ चा, स्कॉटलंडमधल्या मॉफट गावचा. वडिलांची तिथे शाळा होती. मास्तरांच्या या पोराचं ग्रीक भाषेशी काही जमेना, म्हणून तो सैन्याच्या वाटेला लागला आणि १९०० मध्ये तोफखान्यात अधिकारी झाला. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असं फिरत फिरत तो हिंदुस्थानातही पहाडी तोफखान्यात काही वर्षं होता. तिशी उलटल्यावर, १९१३ मध्ये, ब्रुकलंड्सला जाऊन तो विमान उडवायला शिकला. वडिलांनी बजावलं, हे खूळ धोक्याचं आहे, सोडून दे. त्यांचं ऐकून तो मुकाट तोफखान्यात परतलासुद्धा. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, आणि विमान चालवता येणाऱ्या अधिकाऱ्याला कोण तोफांपाशी बसू देणार?

१९१६ साली सोमच्या लढाईत त्याच्या हाताखालच्या एका स्क्वाड्रनची पार वाताहत झाली. डाउडिंगने वर कळवलं की ही पोरं थकली आहेत, त्यांना मागे घेऊन विश्रांती द्यायला हवी. 'वर' म्हणजे ट्रेंचर्ड, ज्याला पुढे ब्रिटिश वायुदलाचा जनक म्हटलं गेलं. सतत चढाई करत राहायचं, हा त्याचा मंत्र. त्याला हे बोलणं अजिबात रुचलं नाही. पुढे लवकरच डाउडिंगची रवानगी मायदेशी झाली. बढती मिळाली, पण त्या युद्धात त्याला पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर काही पाठवलं नाही.

युद्धानंतर दोन वर्षांतच, १९२० मध्ये, त्याची बायको वारली. मागे एक लहान मुलगा, डेरेक. डाउडिंग मुळातच अबोल, तो आणखी मिटला. सहकाऱ्यांनी त्याला 'स्टफी' असं टोपणनाव दिलं होतं. कोंदट किंवा आखडू म्हणा ना! मैफिलीत न रमणारा, वरिष्ठांना आवडेल असं बोलायला न येणारा माणूस. अशांची बढती कामावरच होते आणि अडतेही स्वभावावरच.

१९३० मध्ये तो वायुदलाच्या पुरवठा आणि संशोधन खात्याचा प्रमुख झाला. आल्या आल्या त्याच्यापुढे आर-१०१ या प्रचंड हवाई जहाजाचं प्रकरण आलं. हे जहाज हिंदुस्थानला, कराचीला यायचं होतं आणि हवाईमंत्री स्वतः त्यातून प्रवास करणार होते. सगळ्यांनाच घाई होती. खात्यात नवा असलेल्या डाउडिंगने तज्ज्ञांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि उड्डाणाला संमती दिली. ५ ऑक्टोबर १९३० ला ते जहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात हवाईमंत्रीही. आपण आणखी चाचण्यांचा आग्रह धरायला हवा होता, हे त्याने पुढे कबूल केलं. माझा आपला अंदाज असा की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा कडवेपणा तिथून आला असावा.

कारण पुढची गोष्ट बघा. त्या काळात सगळ्यांची पक्की समजूत होती की बॉम्बफेकी विमानांना अडवणं अशक्य आहे. स्टॅन्ले बाल्डविनने १९३२ मध्ये पार्लमेंटमध्ये तसं बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा स्वतःचीही बॉम्बफेकी विमानं वाढवा, लढाऊ विमानांवर पैसा कशाला? आणि १९३५ च्या सुरुवातीला रॉबर्ट वॉटसन-वॅट नावाचा शास्त्रज्ञ सांगत आला की रेडिओलहरींनी दूरवरचं विमान हेरता येईल. (खरं तर त्याला विचारलं होतं 'मारक किरणां'बद्दल! ते जमणार नाही, असं त्याच्या सहायकाने, अरनॉल्ड विल्किन्सने, आकडेमोड करून दाखवलं आणि त्याच आकडेमोडीतून ही कल्पना निघाली.) पैसे देण्याआधी डाउडिंग म्हणाला, गणितं छान आहेत, पण आधी करून दाखवा. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ एका शेतात, बीबीसीच्या प्रक्षेपणाच्या लहरी वापरून, सुमारे आठ मैलांवरचं विमान हेरून दाखवण्यात आलं. मग मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. प्रयोगांसाठी दहा हजार पौंड मंजूर झाले. हेच पुढचं रडार. हरिकेन आणि स्पिटफायर ही विमानं आकार घेत होती तीही याच वर्षांत, त्याच्याच खात्याच्या देखरेखीखाली.

जुलै १९३६ मध्ये नवी फायटर कमांड स्थापन झाली आणि डाउडिंग तिचा पहिला प्रमुख झाला. लंडनबाहेर स्टॅनमोरला बेंटली प्रायरी नावाच्या जुन्या वाड्यात त्याचं ठाणं होतं. तिथे त्याने जे उभं केलं, ते मला रडारपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. रडार नुसतं सांगणार की समुद्रावर काहीतरी येतंय. ते आपलं की शत्रूचं, किती, किती उंचीवर, आणि किनारा ओलांडल्यावर कुठे गेलं? किनाऱ्यावरची रडार केंद्रं समुद्राकडे तोंड करून उभी, पाठीमागचं त्यांना दिसत नसे. जमिनीवर दुर्बिणी घेऊन बसलेले हजारो निरीक्षक ते काम करायचे. ही सगळी माहिती जमिनीखालून टाकलेल्या टेलिफोन तारांनी बेंटली प्रायरीला यायची. तिथे तिची चाळणी व्हायची, दुबार आलेलं वगळलं जायचं आणि उरलेलं एकाच वेळी सगळ्या विभागांना जायचं. मोठ्या टेबलावर नकाशा, त्यावर लांब काठीने खुणा सरकवणाऱ्या वायुदलातल्या मुली, वर सज्जात बसलेला अधिकारी. काही मिनिटांत हुकूम सुटायचा की अमुक तुकडीने इतक्या उंचीवर अमुक दिशेला जावं.

याचा फायदा काय? तर विमानं दिवसभर आकाशात गस्त घालत इंधन आणि वैमानिक झिजवत नसत. शत्रू निघाला की मगच उडायचं. काटकसरीच्या प्रपंचासारखा मामला! लहान फौज मोठ्या फौजेला पुरून उरली ती अशी.

आता मे १९४०. जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसलेत. फ्रेंच पंतप्रधान रेनो चर्चिलकडे आणखी दहा स्क्वाड्रन मागतोय. चर्चिलचा जीव फ्रान्ससाठी तुटतोय, आणि मित्राला ऐन वेळी नाही कसं म्हणायचं? १५ मे ला डाउडिंग युद्ध मंत्रिमंडळापुढे गेला. विमानं ज्या वेगाने नष्ट होत होती त्याचे आकडे त्याने समोर ठेवले. हे असंच चाललं तर थोड्याच दिवसांत फ्रान्समध्येही नाही आणि इथेही एक हरिकेन उरणार नाही, असा त्याचा अर्थ होता. आणि बोलणं हवेत विरून जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी, १६ मे ला, त्याने हवाई मंत्रालयाला पत्र लिहिलं. दहा क्रमांक घातलेले परिच्छेद, भाषा कोरडी ठाक. देशाच्या रक्षणाला ५२ स्क्वाड्रन लागतील असं तुम्हीच ठरवलं होतं, माझ्याकडे आता ३६ च्या बरोबरीचंच बळ उरलं आहे. तेव्हा किती खाली जायचं ते एकदा ठरवा आणि मला कळवा, त्याखाली एकही विमान देऊ नका. फ्रान्स पडलं तरी आपण लढू शकतो. पण फ्रान्स वाचवण्याच्या नादात घरचं बळ संपवलं तर आपलाही कायमचा निकाल लागेल.

नकार काही लगेच पूर्ण मानला गेला नाही. त्याच दिवशी आणखी काही तुकड्या द्यायचं ठरलं, ओढाताण चालूच राहिली. पण तीन-चार दिवसांत ओघ थांबला. फ्रान्स जूनमध्ये पडलं.

मला या पत्राचा विचार करताना नेहमी वाटतं, की हे लिहिणं किती अवघड असेल. बुडत्या मित्राला दोरी टाकू नका, असं सांगायचं. तेही सत्तेवर येऊन आठवडाही न झालेल्या, लोकांच्या गळ्यातला ताईत होऊ घातलेल्या पंतप्रधानाला. आणि आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायला पुरावा कसला? जे घडलं नाही, तोच पुरावा!

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० ही लढाईची अधिकृत मुदत. सुमारे २,९०० वैमानिक आणि विमानावरचे सैनिक ब्रिटनच्या बाजूने लढले, त्यातले ५४४ या मुदतीत मेले. डाउडिंगचा मुलगा डेरेकही त्या वैमानिकांत होता. आग्नेय इंग्लंडचा भार ११ नंबरच्या गटावर होता आणि त्याचा प्रमुख होता कीथ पार्क, न्यूझीलंडचा. पार्क एकेक-दोन-दोन स्क्वाड्रन पाठवून हल्ले मोडायचा. सगळी पुंजी एका डावात लावायची नाही, हा डाउडिंगचाच हिशेब. थकलेल्या तुकड्या उत्तरेला विश्रांतीला पाठवायच्या आणि ताज्या दमाच्या खाली आणायच्या. सोमला जे करू दिलं नव्हतं, ते इथे त्याने केलं.

शेजारच्या गटाचा प्रमुख लेह-मॅलरी आणि त्याचा लाडका वैमानिक डग्लस बेडर यांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, चार-पाच स्क्वाड्रन एकत्र करून एकदम तुटून पडा. ऐकायला झकास! पण एवढी विमानं हवेत जमवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रू बॉम्ब टाकून मोकळा होतो. १७ ऑक्टोबरला हवाई मंत्रालयात बैठक झाली. एवढ्या बड्या अधिकाऱ्यांच्या बैठकीला साधा स्क्वाड्रन लीडर असलेला बेडर हजर होता, आणि अध्यक्षस्थानी होता शोल्टो डग्लस. २५ नोव्हेंबरला डाउडिंगच्या खुर्चीत बसला तो हाच डग्लस. डिसेंबरात पार्कच्या जागी आला लेह-मॅलरी!

यात नुसतं कारस्थान बघणं मला पटत नाही. डाउडिंग ५८ वर्षांचा होता, त्याच्या निवृत्तीची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली होती. आपल्याच दोन हाताखालच्यांचं भांडण त्याने वेळीच मिटवलं नाही, हा सरळसरळ त्याचा दोष. शिवाय सप्टेंबरपासून रात्रीचे हल्ले सुरू झाले होते, नोव्हेंबरात कॉव्हेंट्री बेचिराख झालं, आणि डाउडिंग सांगत होता की विमानात बसणारं रडार तयार होईपर्यंत इलाज नाही. लोक मरत असताना 'थांबा' हे उत्तर कोण ऐकून घेणार? गंमत म्हणजे तसं रडार बसवलेल्या ब्यूफायटर विमानाने रात्रीच्या अंधारात पहिलं जर्मन विमान पाडलं ते १९ नोव्हेंबरच्या रात्री. डाउडिंग जायला तेव्हा सहा दिवस उरले होते.

१९४३ मध्ये त्याला लॉर्ड केलं. पण मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स हा सर्वोच्च हुद्दा कधीच दिला नाही. निवृत्तीनंतर तो अध्यात्माकडे वळला. मेलेले वैमानिक आपल्याशी बोलतात, असं तो मानू लागला. लोक हसले. पुराव्याशिवाय न हलणारा माणूस असा कसा झाला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. ५४४ हा आकडा त्याच्यासाठी नुसता आकडा नव्हता, एवढं मात्र कळतं. तो शाकाहारी झाला आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध लॉर्डांच्या सभागृहात बोलू लागला. त्याची दुसरी बायको म्यूरिएल हिने १९५९ मध्ये 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था काढली. तिची भारतीय शाखा १९७४ मध्ये निघाली, आणि तिचं ठाणं आपल्या पुण्यात आहे! पुण्यात त्यांची पत्रकं वाचणाऱ्या किती जणांना या स्टफीची आठवण होत असेल, देव जाणे.

१९७० मध्ये तो गेला. त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत आहेत, आणि १९८८ पासून लंडनमध्ये पुतळाही आहे. म्हणजे शेवटी आठवण ठेवली गेली.

चर्चिलने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की देशाच्या रक्षणाला २५ स्क्वाड्रन पुरतील, असं डाउडिंगनेच आपल्याला सांगितलं होतं. डाउडिंगने ते साफ नाकारलं. आता कुणाचं खरं? एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द, एवढंच असतं तर चर्चिलपुढे डाउडिंगचं कोण ऐकणार होतं! पण १६ मे १९४० चं पत्र शिल्लक आहे, आणि त्यात आकडा ५२ आहे.