जखम भरते, वेदना राहते

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात असलेले काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जनावरे आली की वैरण आली आणि वैरणीमागोमाग कडबाकुट्टीचे यंत्रही आले. अशा यंत्रात बोटे किंवा हात सापडण्याचे अपघात ग्रामीण महाराष्ट्राला नवे नाहीत. जखम यथावकाश भरते. पण काहींच्या हातात आग होणे, मुंग्या येणे, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येणे वर्षानुवर्षे चालू राहते. एवढेच नव्हे, तर तुटून गेलेले बोटही दुखते! ‘जखम तर बरी झाली, मग आता काय दुखतंय?’ असे घरचे विचारतात. हाच प्रश्न वैद्यकशास्त्रालाही फार काळ पडला होता.

अवयव कापल्यानंतरही रुग्ण त्याच अवयवात दुखते असे सांगतात, हे १६ व्या शतकात फ्रान्समधील शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने नोंदवले होते. परंतु या तक्रारीचा पद्धतशीर अभ्यास व्हायला अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) उजाडावे लागले. फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात चेतातंतूंना इजा झालेले अनेक सैनिक एकत्र आले. डॉ. सायलस वेअर मिचेल व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्यावरील पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. काही सैनिक हातावरचा कपडा सतत ओला ठेवीत, कारण कोरडा स्पर्श त्यांना सोसवत नसे. एकट्याची तक्रार कुरकूर वाटते. पण अनेकजण तेच सांगू लागले की ते निरीक्षण ठरते.

आपल्याकडेही युद्धांनी हा प्रश्न समोर आणला. काष्टीहून दौंडमार्गे पुण्याला जाता येते. तेथे खडकीला, अपंग सैनिकांना हातचा व्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पुण्यातच १९४४ मध्ये लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. कृत्रिम पाय माणसाला चालते करतो. तुटलेला चेतातंतू मात्र तो जोडू शकत नाही.

मग नेमके घडते काय? बोलीभाषेत रक्तवाहिनी, स्नायुबंध आणि चेतातंतू या तिन्हींना आपण ‘शीर’च म्हणतो. यांपैकी चेतातंतू संदेश नेतो. तो तुटला की त्याचे टोक पुन्हा वाढू पाहते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. वाट सापडली नाही तर तिथे तंतूंची गाठ बनते आणि ती कारण नसताना संदेश पाठवू लागते. पुढे मज्जारज्जू आणि मेंदूही अतिसंवेदनशील होतात. घंटेचे बटण कोणी दाबलेले नसते, तारेतच बिघाड असतो. पण घंटा खरोखर वाजत असते.

ठेच लागली की आपण ती जागा चोळतो. त्याने बरे का वाटते? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक ‘दार’ असते. स्पर्शाचे संदेश ते थोडे लोटतात आणि मेंदूचे संदेशही ते उघडतात वा मिटतात. पुढे १९९० च्या दशकात मूळचे तमिळनाडूचे डॉ. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपयोग केला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसले की काहींची वेदना कमी होते.

या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. अपस्मार व नैराश्य यांवरची काही औषधे उपयोगी पडतात, तीही सर्वांना नाही. म्हणून अनेकांना वेदनेसह जगण्याची घडी बसवावी लागते. त्यात सर्वांत जाचक ठरतो तो इतरांचा अविश्वास. वेदना होते असे माणूस सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा, असे आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये व्याख्येच्या टिपणातच नमूद केले आहे.

चेतासंस्थेचा पाठ शिकवताना हा इतिहास जरूर सांगावा. प्लास्टर निघून महिने झाले तरी एखादा विद्यार्थी ‘हात दुखतो, लिहिता येत नाही’ म्हणाला, तर ते निमित्त आहे असे ठरवण्याआधी त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.