पागेबाहेरून आलेली विद्या

घोड्यांच्या जाणकारांत एक मत पक्कं रुजलेलं आहे: ही विद्या मांडीखाली घोडा घेतल्यावरच येते, कानात इअरफोन घालून नव्हे. पॉडकास्ट ऐकून ‘घोड्याचं मन’ जाणू पाहणाऱ्यांची त्यामुळे यथेच्छ टिंगल होते. पुस्तक वाचून पोहता येत नाही, हा दाखला तर ठरलेलाच.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. मांड पक्की बसणं, लगामावरचा हात हलका राहणं, खूर उचलून घेताना घोड्याने भार कुठे टाकला आहे ते आपल्या खांद्याला कळणं, यातलं काहीही ऐकून येत नाही. शिवाय पॉडकास्ट कुणीही काढतो. तासभर प्राणिप्रेमाच्या गोड गप्पा आणि शेवटी स्वतःच्याच महागड्या कोर्सची जाहिरात, असले नमुने भरपूर आहेत. हे दोन्ही आक्षेप मान्य. पण म्हणून ऐकणं व्यर्थ, हा निष्कर्ष मान्य नाही.

कारण घोड्याच्या बाबतीत अनुभव हा पक्षपाती गुरू आहे. चाबूक बसला की घोडा तत्क्षणी पुढे सरकतो; मारणाऱ्याला फळ हातोहात मिळतं. त्याच घोड्याची पाठ दुखायला लागते ती पुढे केव्हातरी, आणि तेव्हा त्या दुखण्याचा संबंध चाबकाशी किंवा न बसणाऱ्या खोगिराशी कुणी जोडत नाही. त्यातून घोडा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात. प्रतिकार करून थकलेला, हरलेला घोडा गप्प उभा राहतो आणि आपण म्हणतो, काय शहाणं जनावर आहे!

अनुभवी डोळे किती सहज फसतात याचं उदाहरण बर्लिनमध्ये घडलं. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवत असे. 1904 साली त्याची पाहणी करायला समिती बसली. तिच्यात घोडदळातला अधिकारी होता, सर्कसवाला होता, पशुवैद्य होता. एकालाही लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने पद्धतशीर चाचण्या घेऊन दाखवलं की हान्स प्रश्नकर्त्याच्या मानेची नकळत होणारी बारीक हालचाल वाचून थांबत होता. घोडा माणसाला वाचत होता. जन्मभर घोडे पाहिलेल्यांना ते दिसलं नाही.

कौशल्य आलं की सदाचार मागोमाग येतो, असंही नाही. शार्लट दुजार्डिन ही घोडेस्वारीतल्या तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी. प्रशिक्षण देताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाची तिची चित्रफीत 2024 साली बाहेर आली, तिने पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. तिच्या मांडीत किंवा हातात काय उणं होतं?

मग ऐकण्यातून काय मिळतं? एकच गोष्ट जवळून पाहू. घोड्याला शिकवते ती लगामाची ओढ नव्हे, ओढ सैल होण्याचा क्षण शिकवतो. थांबायला सांगताना लगाम आवळला, घोडा थांबला आणि हात त्याच क्षणी सैल झाला, तर घोडा ‘थांबणं’ शिकला. तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि घाबरून तेव्हा लगाम सोडला, तर तो ‘उभं राहणं’ शिकला. शिकवलं आपण, आणि खोडकर ठरला तो. हे समजायला चित्र लागत नाही, चांगला बोलणारा लागतो.

स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांनी स्वाराखालच्या घोड्याची 24 लक्षणं नोंदवली आहेत: कान पाच सेकंदांहून जास्त मागे पाडणं, पुन्हा पुन्हा शेपूट झटकणं, तोंड उघडं ठेवणं वगैरे. आठ किंवा त्याहून अधिक दिसली तर दुखण्याची शक्यता दाट. आपल्याकडे यातल्या बहुतेकांना ‘माज’ म्हणतात. यादी ऐकली की काम संपत नाही हे खरं. पण ती ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी पागेत शिरताना कुठे पाहायचं ते ठरवून शिरतो. वॉरविक शिलरसारखा नावाजलेला प्रशिक्षक आपल्या पॉडकास्टवर जुन्या पद्धतींबद्दल उघड फेरविचार करतो, याचंही मोल मोठं आहे. तबेल्यातल्या उस्तादाच्या तोंडून ‘माझं चुकलं’ सहसा ऐकायला मिळत नाही.

ऐकीव विद्या म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही आठवावं की आपली अश्वविद्या श्लोकांत बांधलेली आहे, आणि श्लोक पाठच केले जातात. मितान्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांची दिवसागणिक दिनचर्या सांगितली, ती हित्ती लोकांनी मातीच्या पाट्यांवर उतरवली, ख्रिस्तापूर्वी चौदाव्या-पंधराव्या शतकात. विद्या पागेबाहेरून येते ती अशी, फार पूर्वीपासून.

कुणाचं ऐकावं याची कसोटी माझ्यापुरती सोपी आहे. जो ‘आधी पशुवैद्याला दाखवा’ म्हणतो त्याचं ऐकावं. जो प्रत्येक घोड्याला एकच उपाय सांगतो त्याचं बंद करावं. पोटशूळ उठलेला असताना तर कुणाचंच ऐकत बसू नये, डॉक्टरला फोन करावा.

खरी अडचण वेगळीच आहे. हे सगळं बहुतेक इंग्रजीत आहे, आणि घोड्याजवळ दिवसभर असतो तो मोतद्दार; त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठीच्या 1965 च्या नियमांनी बंदी घातलेला काटेरी लगाम वरातीच्या घोड्यांच्या तोंडात आजही सापडतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, म्हणून दोन वेळचा तोबरा देऊन मधले तास त्याला उपाशी ठेवू नये, हे मोतद्दाराला कुणी सांगितलेलं नसतं. खरारा करताना त्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. परळच्या आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी मराठीत, जमल्यास अहिराणीतही, असे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग काढावेत आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते मोतद्दारांच्या मोबाइलवर फुकट घालून द्यावेत.