शब्दकोशात न मिळालेला अर्थ

१/ बाल्टिमोर शहरातील एका गुलाम मुलाच्या कानी ‘अबॉलिशन’ हा शब्द वारंवार पडे. कुणी गुलाम पळाला, कुणी मालकावर हात उगारला, की गोरे लोक संतापाने तो उच्चारत. मुलाने शब्दकोश पाहिला. अर्थ मिळाला : रद्द करण्याची क्रिया. पण काय रद्द करायचे? हे कुणाला विचारणेही धोक्याचे होते.

२/ तो मुलगा म्हणजे फ्रेडरिक डग्लस. जन्म सुमारे १८१८, मेरीलँड. मालकीण सोफिया ऑल्ड हिने त्याला मुळाक्षरे शिकवली. तिचा पती ह्यू ऑल्ड याने ते शिक्षण थांबवले. शिकलेला गुलाम हाताखाली राहत नाही, असे त्याचे मत होते. मुलाने ते ऐकले आणि ताडले : मालक ज्याला भितो, तीच आपल्या सुटकेची वाट.

३/ मग तो खिशात पाव घेऊन बाहेर पडू लागला. गल्लीतील भुकेल्या गोऱ्या मुलांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून वाचन शिकायचे. जहाजबांधणीच्या आवारात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे लिहीत. ती गिरवत तो लिहू लागला.

४/ बारा-तेराव्या वर्षी त्याने ५० सेंटना ‘द कोलंबियन ओरेटर’ हे वक्तृत्वाचे शालेय पुस्तक विकत घेतले. त्यातील एका संवादात गुलाम मालकाचा प्रत्येक मुद्दा खोडून काढतो आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो. हा संवाद त्याने पुनःपुन्हा वाचला.

५/ ‘अबॉलिशन’चा उलगडा अखेर वर्तमानपत्राने केला. राजधानीच्या प्रदेशातील गुलामगिरी रद्द करावी, असे अर्ज उत्तरेतील नागरिकांनी केल्याची बातमी त्यात होती. आपल्या बाजूने बोलणारी माणसे जगात आहेत, हे त्याला एका शब्दामुळे कळले.

६/ १८३८ मध्ये तो निसटला. १८४१ मध्ये नँटकेट येथील सभेत बोलला आणि चळवळीचा वक्ता झाला. पण त्याची भाषा इतकी प्रगल्भ होती की, हा कधी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. बोलण्यात मळ्यावरची ढब थोडी राहू दे, असे हितचिंतकांनीच सुचवले. त्याने ते मानले नाही. १८४५ मध्ये त्याने मालकांच्या नावांसह आत्मकथन प्रसिद्ध केले. पुन्हा पकडले जाण्याचा धोका ओढवला आणि त्याला ब्रिटन गाठावे लागले.

७/ १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाल्टिमोरच्या मुलाने शोधलेल्या त्या अर्थाचे मोल पुण्यातही जाणले गेले होते.

८/ मित्रहो, नीट बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या बोलीला हसणे नव्हे. आपले म्हणणे दुसऱ्याने ठरवून देऊ नये, इतके शब्द आपल्यापाशी असणे, हे नीट बोलणे. पुढच्या वेळी एखादा शब्द अडला, तर तो ओलांडून जाऊ नका. शब्दकोश अपुरा पडला, तरी थांबू नका.